माकडांविषयी चौदा प्रश्न

राधानगरीच्या वरच्या अंगाला, जिथं जंगल संपतं आणि भुईमूग सुरू होतो, तिथं आमचं गाव आहे. माकडाविषयी मत नसलेला माणूस या गावात अजून जन्माला यायचा आहे. आमच्या वाट्याला ती दोन प्रकारची आली. लाल तोंडाचं, बुटकं ते माकड आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर. एवढा फरक शेंबडं पोरही सांगतं. याच्या पुढचं ज्ञान मात्र गावात ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे वाटलेलं होतं. ज्याचं गावात वजन जास्त त्याला माकडांतलं जास्त कळतं, असं आम्ही सगळेच धरून चालायचो.

मी शाळेत होतो तेव्हा, नव्वदीच्या सुरुवातीला, गावात सात-आठ घरांवर टीव्हीचे अँटेना आले. शनिवारी मारुतीच्या देवळापुढं जी माणसं वानरांना हात जोडून केळी द्यायची, तीच रविवारी सकाळी अँटेनाला लोंबकळणाऱ्या वानराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शनिवारचं वानर देवाचं आणि रविवारचं वानर शेजारच्या गावाने सोडलेलं, अशी आमची सोपी विभागणी होती.

पारावर तर रोजच परिषद भरे. तालमीतल्या वस्तादांचं म्हणणं, की वानराला लंगोट बांधून लाल मातीत उतरवलं तर जिल्ह्यातल्या सगळ्या गदा त्याच्या घरी जातील. दूध डेअरीचे चेअरमन सांगत, की माकडांतही पार्ट्या असतात. ती पार्टी कशी फुटते हे ते इतक्या बारकाईनं सांगायचे, की ते माकडांविषयी बोलतायत की डेअरीविषयी, हे ऐकणाऱ्याला उमजत नसे. निवृत्त हेडमास्तर एवढंच म्हणत, "ते आपले पूर्वज," आणि समोर बसलेल्या कुणाकडं तरी रोखून बघत.

यातलं कुणीही गेल्या दहा वर्षांत जंगलाच्या कडेला अर्धा तासही बसलेलं नव्हतं. तिथं बसायला गावाने एक बाई ठेवली होती. बौद्ध वस्तीतली, तेव्हा पन्नाशीच्या आसपासची. शेंगा भरायला लागल्या की त्या उपटून होईपर्यंत ती कडेच्या सगळ्या रानांची राखण करायची आणि त्या बदल्यात प्रत्येक मालक तिला सुगीला शेंगा द्यायचा. गावात तिला 'राखणीवाली' म्हणत. मी मावशी म्हणायचो, कारण आमचंही रान कडेलाच होतं आणि लहानपणी सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसायचो. अंगात नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला टॉवेलचा पटका, हातात काठी आणि शेजारी तेलाचा रिकामा डबा, असा तिचा अवतार असे. वानर बाईमाणसाला भीत नाही, म्हणून ती पुरुषाच्या वेशात बसते, असं गाव मोठ्या खात्रीनं सांगायचं.

आता मुख्य गोष्ट. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. गणपती नुकतेच पोचवले होते आणि मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो. त्या दिवसांत एक संशोधक मॅडम जीपमधून गावात आल्या. माकडांविषयी गावकऱ्यांना काय माहिती आहे आणि काय वाटतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. हे ऐकून गाव आधी हसलं आणि मग एकदम गंभीर झालं. आजवर शहरातून आलेल्या प्रत्येकानं आम्हाला काही ना काही शिकवलं होतं. संडास कसा बांधावा, हात कसे धुवावेत, मुलं किती असावीत. आमच्याकडून शिकायला आलेलं हे पहिलंच माणूस. सरपंचांनी लगेच ग्रामपंचायतीत सभा लावली, हार मागवला आणि भाषण ठोकलं.

"म्याडम, आमच्या गावात तीन जातीची माकडं हायती. लाल तोंडाची, काळ्या तोंडाची आनि तिसरी तालुक्याला खुर्चीवर बसत्यात ती."

मॅडमनी हे हसत वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, की चौदा प्रश्नांचा एक छापील कागद आहे, तो तीस माणसांकडून भरून घ्यायचा. ज्याला सगळ्यात जास्त गुण मिळतील त्याला एक वर्षासाठी निरीक्षक म्हणून नेमणार. काम एवढंच, की रोज सकाळी जंगलाच्या कडेला बसायचं, वानरं काय करतात ते बघायचं आणि सांगायचं. दरमहा पगार. लिहिता आलं नाही तरी चालेल, टेप रेकॉर्डर देऊ, त्यात बोलायचं. आणि वशिला अजिबात चालणार नाही. शेवटचं वाक्य ऐकून सरपंचांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनीच वाजवल्या.

कागद भरून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. गावात बी.एस्सी. झालेला आणि दिवसभर मोकळा असा मी एकटाच होतो.

त्याच संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. गुडघ्यांनी तिला दोन वर्षांपासून हैराण केलं होतं. भांगलण, रोप लावणं, वाकून करायचं कुठलंच काम आता जमत नव्हतं. राखण तेवढी बसून व्हायची, पण ती वर्षातले दोन-अडीच महिनेच.

"बाळ, खरं काय रं त्ये? बसून माकडं बगायचा पगार देत्यात म्हनं?"

"खरं हाय मावशी."

"आनि लिव्हायला याय लागत न्हाय?"

"न्हाय लागत."

ती म्हणाली, "मग त्ये तर मी करतोच की. माझा बी कागद भर बाबा. ह्ये येक काम लागलं तर म्हातारपन बसून जाईल माझं." तिनं तोवर माझ्याकडं कधीच काही मागितलं नव्हतं. मी हो म्हणालो.

मॅडमनी बजावलं होतं, की सगळ्या वस्त्यांतली माणसं घ्या. मी सुरुवात अर्थातच आमच्या गल्लीपासून केली. सरपंच, चेअरमन, वस्ताद, हेडमास्तर असे मोठे मोठे जाणकार आधी उरकले. त्यांच्याकडं चहा मिळायचा आणि उत्तरंही रकान्यात चपखल बसायची. 'माकडांमुळे पिकांचे नुकसान होते का? फार, मध्यम, थोडे, माहीत नाही.' सरपंच म्हणाले, "फार लिव्ह." त्यांचं रान नदीच्या बाजूला, जंगलापासून तीन किलोमीटरवर. 'माकडांविषयी आपली भावना काय? पूज्य, उपद्रवी, दोन्ही, माहीत नाही.' चेअरमन म्हणाले, "दोन्ही लिव्ह, कुनी नाराज नगं." वस्तादांनी प्रत्येक प्रश्नाला दंड थोपटून 'फार' सांगितलं, प्रश्न काहीही असो. सरपंचांच्या पुतण्याचा कागद सगळ्यात झटपट झाला. गावात आल्या तेव्हा पहिल्या रात्री मॅडम सरपंचांच्याच घरी उतरल्या होत्या. माझ्या हातातला कागद कोरा होता तेव्हाच याला उत्तरं येत होती. या पुतण्याला लहानपणी एस.टी. स्टँडवर लाल तोंडाच्या माकडानं हातातलं केळं हिसकावून घेताना एक सणसणीत थोबाडीत दिली होती आणि तेव्हापासून तो माकड दिसलं की गाडीला किक मारायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

असे सत्तावीस कागद आठवडाभरात झाले. बौद्ध वस्तीतले तीन मी शेवटच्या दिवसावर ढकलले. कागद त्याच दिवशी गारगोटीला मॅडमच्या मुक्कामी पोचवायचे होते आणि गाडी पाचची होती. कॉलेजात मी समतेवर भाषणं करून बक्षिसं मिळवली होती. त्या दिवशी मात्र मी सारखा घड्याळाकडं बघत होतो.

मावशीला मी साडेतीनला रानात गाठलं. ती बांधावर पाय पसरून बसली होती. मी समोर बसकण मारली, खाली कार्बन घातला, दुसरा कागद माझ्याकडं राहील असं तिला सांगितलं आणि वाचायला लागलो.

"मावशी, आपल्या परिसरात माकडांच्या किती जाती आढळतात?"

"आडळत्यात म्हंजे?"

"दिसतात."

"दिसत्यात दोन. खरं तिसरं येक हाय म्हनायची माझी आई. मुठीएवढं, डोळं बटबटीत, रातचंच फिरतंय. तिनं बगितलं हुतं, मी न्हाय बगितलं. मग दोन लिव्हतोस का तीन?"

मी विचारात पडलो. गेल्या सत्तावीस माणसांत 'मी बघितलं नाही' असं म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. पण ती उत्तर ठरवेना आणि मला थांबायला वेळ नव्हता. मी 'माहीत नाही'वर खूण केली.

"माकडं बाईमाणसाला घाबरतात का?"

"कुठलं माकड?"

"कुठलंही."

"आसं कसं? म्हाताऱ्या मादीला मी ठावा हाय, ती भीत न्हाय. नवीन पोरं भित्यात. परक्या बाईला समदीच बिचकत्यात."

"मग तू पटका का बांधतीस?"

"उनासाठनं रं! माकडं मला पटक्यात बी वळखत्यात. फसत्यात ती गावातली मानसं."

मी हसलो आणि पुन्हा 'माहीत नाही'वर खूण केली. होय किंवा नाही, यातलं कुठलंच एक ती सांगत नव्हती.

"कळपाचा प्रमुख कोण? नर की मादी?"

"आता, का आखाडाच्या आदी?"

मी कपाळावर हात मारला. ती सांगायला लागली. आषाढाआधी एक जुना नर होता. मग वरच्या जंगलातून दुसरा आला. तीन दिवस मारामारी झाली, जुन्याला त्यानं हाकललं. आणि आल्या आल्या दोन पिल्लं मारली.

"मारली?"

"चावून मारली. माझ्या डोळ्यादेकत. तवापास्नं तिघी लेकुरवाळ्या हाईत, त्या पोटाला पिल्लं धरून हितं माझ्या जवळ येऊन बसत्यात. मी काठी घेऊन बसलोय म्हनून त्यो हितवर येत न्हाय. आता परमुख त्योच म्हन वाटलं तर. पन बायका त्येचं आजून आयकत न्हाईत."

'अजून ऐकत नाहीत' असा रकाना कागदावर नव्हता.

नुकसानीच्या प्रश्नाला तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. बांधाकडची पहिली सरी ती मुद्दाम सोडते. वानरं सकाळी येतात, तेवढी सरी खातात आणि ऊन चढायच्या आत माघारी जातात. दगड मारला तर चवताळून मधे घुसतात, आणि मग खाण्यापेक्षा उपटून टाकतात जास्त. लाल तोंडाच्यांचं वेगळं. ती गालात शेंगा कोंबून पळतात, त्यांना मात्र डबा वाजवून आधीच अडवायचं.

"मालकास्नी सांगू नगंस. सरी सोडतो म्हनलं तर राखन काडून घेतील."

"आमच्या रानातबी सोडतीस?"

"तुमच्याच रानात पैलं सुरू केलं," ती म्हणाली आणि पदर नसलेल्या सदऱ्यानंच तोंड झाकून हसली.

अशा चौदा प्रश्नांना मला पाऊण तास लागला. पुतण्याला सहा मिनिटं लागली होती. कागदाच्या मागच्या बाजूला 'इतर माहिती' असं छापून खाली बारा रेघा कोऱ्या सोडल्या होत्या. तिचं सगळं बोलणं तिथं मावलं असतं. पण साडेचार वाजत आले होते, अजून दोघांचे कागद व्हायचे होते. आणि खरं सांगायचं तर गाडीपेक्षा मोठं कारण वेगळं होतं. ती सांगत होती ती माहिती आहे, असं मला वाटलंच नव्हतं. हेडमास्तर 'पूर्वज' म्हणाले ती माहिती. ही आपली राखणीवालीची बडबड, ऐकायला गमतीची. मागची बाजू कोरी राहिली तर नंतर कुणी काही घुसडू नये म्हणून तिरकी रेघ मारा, अशी मॅडमची सूचना होती. मी त्या बारा ओळींवर तिरकी रेघ मारली.

"लिव्हलंस न्हवं समदं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"मग हुईल म्हन की माझं."

"हुईल की! तुझ्याएवढं म्हाईत हाय कुनाला गावात?" मी म्हणालो आणि ती ओंजळभर शेंगा देत होती त्या खिशात घालून उरलेले दोघे गाठायला वस्तीकडं पळालो.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर निकाल लागला. सरपंचांचा पुतण्या चौदापैकी चौदा. मावशी चौदापैकी तीन, गावात सगळ्यात खाली. वस्तादसुद्धा तिच्या वर होते.

पुतण्याला टोपी, दुर्बीण आणि टेप रेकॉर्डर मिळाला. पहिल्या दिवशी तो दुर्बीण गळ्यात घालून गावातून दोन चकरा मारून आला. दुसऱ्या दिवशी जंगलाच्या कडेला गेला. तिथं वानरानं नुसता आवाज काढला आणि हा गाडी तिथंच टाकून पळत घरी आला. तिसऱ्या दिवसापासून त्यानं मार्ग शोधला. सकाळी बिस्किटाचा पुडा घेऊन तो मावशीकडं जायचा. ती सांगायची. मग हा वडाच्या झाडामागं जाऊन, घसा खाकरून टेपमध्ये बोलायचा, "आज रोजी सकाळी ठीक आठ वाजता वानरांचा कळप..." शेंगांची सुगी संपली, राखण संपली, तरी मावशी त्याच्यासाठी बांधावर जाऊन बसत होती. वानर खोकल्यासारखं ओरडलं की बिबट्या फिरतोय, हे तिनंच त्याला शिकवलं. त्यानं ते पारावर स्वतःचा शोध म्हणून सांगितलं आणि चेअरमननी त्याची पाठ थोपटली.

होळीच्या आधी मॅडम पुन्हा आल्या. ग्रामसभेत त्यांनी आतापर्यंतच्या नोंदी वाचून दाखवल्या. नवा नर, मारलेली पिल्लं, तिघी आया, वाकड्या बोटाची म्हातारी मादी. "इतकं बारीक निरीक्षण मला शहरातल्या विद्यार्थ्यांतही दिसलं नाही," असं म्हणून त्यांनी पुतण्याला उभं केलं. सरपंचांनी हार आधीच आणून ठेवला होता. मागं बायकांत मावशी बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. मी खाली बघत बसलो.

मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. आजही ती सभा आठवली की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तेव्हा मात्र मी, मॅडमच्या पुढच्या कामात पुन्हा मलाच घेतील का, याचा हिशेब मनात करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी घरी आली. चिडलेली नव्हती. कोडं पडल्यासारखी दिसत होती.

"बाळ, काल त्यो जे बोलला म्हनून वाचलं, त्ये मी बोललोय त्येच की रं. आक्षी जसंच्या तसं. मग त्येला पगार मिळतोय आनि मला न्हाय, म्हंजे त्या कागदावर मी काय तरी चुकलो आसनार. तुज्याकडं दुसरा कागद हाय म्हनला हुतास न्हवं? वाचून दाव मला."

कार्बनची प्रत माझ्या ट्रंकेत होती. नाही म्हणता येईना. मी ती काढून आणली आणि तिच्यासमोर धरली. चौदा प्रश्न, त्यातल्या अकरांपुढं 'माहीत नाही'वर माझ्या हाताच्या ठळक खुणा. मागं तिरकी रेघ. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, कागदाकडं नाही. तिला कागदातलं काही कळणार नव्हतं.

मी वाचायला सुरुवात केली. "प्रश्न पहिला. दोन दिसतात. तिसरं एक आहे असं आई सांगायची, मुठीएवढं, डोळे बटबटीत, मी स्वतः बघितलेलं नाही." ती मान डोलवायला लागली. मी पुढं वाचलं, म्हाताऱ्या मादीचं, परक्या बाईचं, उन्हाच्या पटक्याचं, नव्या नराचं, सोडलेल्या सरीचं. एक शब्द अडला नाही. महिने उलटले होते तरी तिचं सगळं बोलणं मला तोंडपाठ होतं, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. एका ठिकाणी मी 'चार दिवस मारामारी' वाचलं, तर तिनं थांबवलं.

"तीन. तीनच दिस. त्येवढं चुकलं बग तुजं लिव्हायला."

"व्हय, तीनच लिहिलंय. माझीच वाचायची चूक."

वाचून संपलं. ती म्हणाली, "येवढं बोललो व्हय मी? समदं बरोबर हाय की. मग कमी कुठं पडलो?"

आता तरी खरं सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते वेगळंच. "माकडांचं इंग्रजी नाव इचारलं हुतं मावशी. तिथं मार्क गेलं तुझं."

असा प्रश्न त्या कागदावर नव्हताच.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "त्ये कुठलं येनार बाबा मला," ती म्हणाली. "मग बरोबर हाय त्येंचं." गुडघ्यावर हात टेकून ती उठली, पायरी उतरली आणि माझ्याकडं बघून थांबली.

"आनि तू कशाला तोंड पाडून बसलायस? तू लिव्हलंस की समदं."